भुईराक्षसाच्या बरगड्या

कादंबरीकार सदफने फोनवर पोस्ट टाकली : "भूकंप घडवणाऱ्या भुईराक्षसाचा शेवट सुचवा, पाच वाचकांना नवं पुस्तक मोफत."

क्लासच्या पोरांची खानावळ चालवणाऱ्या कावेरीबाई थेट तिच्या दारात आल्या. पोरांनी त्यांना ती पोस्ट आणि कादंबरीचा आधीचा भाग वाचून दाखवला होता.

"कसा मारणार गं त्याला?"

"गळा चिरून, मावशी."

"गळा नको. भूकंपात माझ्या दोन्ही लेकरांच्या छातीवर बसला त्यो. बरगड्या मोड त्याच्या. आन् लगेच मारू नको. माझी लेकरं दुपारपर्यंत कण्हत होती."

सदफ लिहीत गेली, मोठ्यानं वाचत गेली. घण पडला, बरगडी मोडली. घण पडला, दुसरी मोडली. रक्ताच्या गुळण्या टाकत राक्षस कण्हू लागला.

कावेरीबाईंनी तिचा हात धरला. "आता संपव गं लवकर. त्यो बी लेकरू असंल कुणाचं."