ज्याच्या त्याच्या जागेवरचं पाणी

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागचं मैदान खरं तर मैदान नव्हतंच. कुणाच्या तरी ले-आउटमधला मोकळा राहिलेला तुकडा होता तो. तीन बाजूंनी इमारती वर आल्या होत्या, चौथ्या बाजूला रूळ. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. जायकवाडीनं तळ दाखवला होता आणि नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. मैदानावर गवताची काडी नव्हती. पोरं पळू लागली की असा फुफाटा उठायचा, की गोलकीपरला चेंडू आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा.

याच फुफाट्यात खेळून मुकुंदवाडी क्लब फुटबॉलच्या जिल्हा लीगच्या वरच्या गटात गेला होता. अनंतराव त्यांचे प्रशिक्षक. विमा कचेरीतून निवृत्त झालेले, गारखेड्यात राहणारे, कुणाला दुखवायची वेळ आली की ती उद्यावर ढकलणारे.

क्लबात एक रीत पडली होती. ती पाडली द्वारकाबाईंनी, म्हणजे कॅप्टन गोकुळच्या आईनं. गोकुळचा गुडघा पुन्हा पुन्हा सोलून निघायला लागला, तेव्हा त्यांनी अंघोळीचं पाणी परातीत धरलं, तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलं आणि त्याच्या हाती दिलं. "जिथं पडतूस तिथं वत," म्हणाल्या. बघता बघता सगळेच आणू लागले. कुणी अंघोळीचं, कुणी तांदूळ धुतल्याचं, कुणी धुण्याचं शेवटचं. प्यायचं पाणी मात्र चालायचं नाही. कुणी आणलंच तर त्याला घरी परत पाठवायचे. आणि ओतायचं ते जो तो आपल्या खेळायच्या जागेवर. गोलकीपर सांडू गोलच्या तोंडाशी, बॅकवाले गोलसमोरच्या चौकोनाच्या, म्हणजे डीच्या कडेला, गोकुळ सगळ्यांत पुढं, समोरच्या डीच्या टोकाशी. सरावाआधी मैदानाकडं पाहिलं, की ओल्या डागांवरूनच संघ उभा दिसायचा.

क्लब वर गेला आणि अध्यक्ष नानासाहेबांना हुरूप आला. शेंद्र्याकडची त्यांची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हापासून हाती पैसा होता आणि हौस तर आधीपासूनच होती. "वर गेलोय, आता टिकायला पायजे. आडात नाय तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं म्हणून त्यांनी बाहेरून तीन खेळाडू आणले. नागपूरचा हिमांशू फॉरवर्ड, आणि पुण्याचे दोन बॅक. तिघांना गारखेड्यात खोली घेऊन दिली.

पहिल्याच दिवशी सांडूनं विचारलं, "सर, यांचे कॅन?"

अनंतराव हळूच म्हणाले, "राहू दे रे. लांबून आलेत, पगारावर आलेत. त्यांना कुठं अंघोळीचं पाणी उचलायला लावायचं?"

त्यांना वाटलं, ही आपली रीतभात झाली. नवे तिघं मैदानाकडेच्या लिंबाखाली बूट बांधत बसत आणि जुने पाणी ओतत. दोन-चार दिवसांत जुन्यांनी त्यांचं नाव ठेवलं, जावई.

"जावई आले. पाट मांडा."

"हळू वता रं, जावयाच्या बुटाला चिखल लागंल."

अनंतराव ऐकून न ऐकल्यासारखं करत. खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांनाच सांगायची होती. हिमांशू गोकुळपेक्षा सरस होता. डावा पाय, उजवा पाय, डोकं, सगळं चालायचं त्याचं. रविवारी वरच्या गटातला पहिला सामना, तोही याच मैदानावर, आणि पुढं हिमांशूच खेळणार हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. गोकुळला मात्र सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू. गोकुळ आपला रोज समोरच्या डीच्या टोकाशी कॅन रिकामा करायचा, आणि सराव सुरू झाला की त्याच डागावर हिमांशू उभा राहायचा.

गुरुवारी अनंतराव मैदानावर आले तर मधोमध टँकर उभा. ड्रायव्हर कचरू पाइप धरून सगळं मैदान भिजवत होता. कडेला हिमांशू, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सर, आता पोरांना डबे नाही आणावे लागणार," तो म्हणाला. "माझ्याकडून. रविवारपर्यंत रोज सांगून ठेवलाय."

तेवढ्यात जुने एकेक करून आले. हातात कॅन. मैदानाच्या फाटकाशीच थबकले. मागच्या गल्लीतल्या बायका हंडे घेऊन धावत आल्या होत्या. त्यांतल्या सरूबाई कचरूला म्हणाल्या, "अरं दादा, मातीला पाजतूस व्हय?"

"बोअरचं हाय मावशी, प्यायचं नाय."

"नसू दे. भांडी तर निघत्याल."

कचरूनं पाइप आवरला आणि उरलेलं हंड्यांत सोडलं. हिमांशूला काय चुकलं ते कळेना. गोकुळ चालत अनंतरावांपाशी आला. आवाज चढवला नाही त्यानं.

"सर, आता मी कुठं वतू?"

सगळं मैदान सारखंच ओलं झालं होतं. गोकुळनं कॅन लिंबाच्या बुडाशी रिकामा केला आणि फाटकाबाहेर पडला. मागोमाग सांडू, मग बाकीचे. उरले तिघे नवे आणि दोन-तीन कच्ची पोरं. रविवारी अकरा माणसं उभी राहिली नाहीत तर सामना न खेळताच हरल्यात जमा होता, आणि वर्ष सुरू होण्याआधीच क्लबचं काय होणार तेही दिसत होतं.

घरी त्या दिवशी प्रदोष होता. पद्मजाबाई देवापुढं वाती वळत बसल्या होत्या. अनंतरावांनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली वात पुरी केली.

"नव्या सुनेकडून आपण पहिल्याच सकाळी पाणी भरून घेतो," त्या म्हणाल्या. "ती दमावी म्हणून का? घरातलं पाणी कुठं ठेवतात ते तिला कळावं म्हणून. तुम्ही पोरांना ओसरीवरच बसवून ठेवलंत."

"मला वाटलं, मान ठेवावा."

"पाहुण्याचा मान ठेवलात. पाहुणा काय, आज ना उद्या जायचाच." मग जरा थांबून, "आणि गोकुळला जे सांगायचंय ते सांगितलंत का?"

अनंतराव खाली पडलेला कापूस वेचू लागले. पद्मजाबाईंनी न्हाणीकडं हात केला. "तिथं तीन कॅन रिकामे आहेत. जाताना न्या."

शुक्रवारी सकाळी ते तिघांच्या खोलीवर गेले. कॅन दारात ठेवले आणि रीत सांगितली, पहिल्यापासून, द्वारकाबाईंच्या परातीपासून. हिमांशू खाली मान घालून ऐकत होता.

"मले कोणी सांगितलंच नाही ना सर," तो म्हणाला. "मले वाटलं, पाण्याची सोय नाही म्हणून बिचारे आणतात. सगळे जावई म्हणतात, तर म्हटलं जावयानं काहीतरी द्यावं."

"चूक माझी आहे," अनंतराव म्हणाले. "टँकर गल्लीला जाऊ दे. तुझं तू आण."

दुपारी शेंद्र्याला, गोकुळच्या कंपनीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर ते पाळी सुटायची वाट पाहत बसले. गोकुळ बाहेर आला, त्यांना पाहून घुटमळला, पण आला. चहा आला. अनंतरावांनी कप तसाच ठेवला.

"गोकुळ, रविवारी पुढं हिमांशू खेळेल. तो तुझ्यापेक्षा बरा आहे. तू त्याच्या मागं खेळायचंस, मधे. तिथून चेंडू देणारा मला दुसरा कुणी दिसत नाही. कॅप्टन तूच."

गोकुळ रस्त्यावरचे ट्रक बघत राहिला.

"तो बरा हाय ते मला पयल्या दिवशीच दिसलं सर," तो म्हणाला. "डोळे हायेत मला. तुम्ही कधी बोलता तेच बघत व्हतो. रोज माझ्या पाण्यावर त्याला हुबा करता आन् माझ्याकडं बघत नाय."

"धीर झाला नाही."

"सरावात आमच्यावर वरडायला बरा व्हतो तुम्हाला धीर." गोकुळ उठला. चहाचे पैसे त्यानंच दिले. येतो की नाही, ते काही बोलला नाही.

रविवारी अनंतराव लवकर आले. मैदान पुन्हा पांढरंफटक पडलं होतं. तिघे नवे कॅन घेऊन उभे होते. पुण्याच्या दोघांनी डीच्या कडेला पाणी ओतलं. हिमांशू मात्र समोरच्या डीच्या टोकाशी कॅन धरून नुसताच उभा. ओतेना.

फाटक वाजलं. सांडू आत आला, मग बाकीचे, मग शेवटी गोकुळ. जो तो आपापल्या जागेकडं गेला. गोकुळ नेहमीच्या वाटेनं चालत हिमांशूपाशी आला.

"कसलं हाय?"

"आंघोळीचं."

गोकुळनं कॅनमध्ये डोकावलं. "फेस लई हाय. किती साबण लावतूस?"

"जावई आहे ना मी."

आपला कॅन रिकामा करून मागं आलेला सांडू फसकन हसला. गोकुळ हसला नाही, पण त्यानं हिमांशूच्या दंडाला धरून त्याला डीच्या आत नेलं. "इथं वत. तुझं काम हितं."

हिमांशूनं ओतलं. गोकुळ वळला. आपल्या जुन्या जागेवर थोडा रेंगाळला, मग तसाच मागं मागं चालत मैदानाच्या मध्यापाशी आला. तिथली माती त्यानं बुटाच्या टाचेनं जरा खरवडून पाहिली. मग कॅन उपडा केला, शेवटच्या थेंबापर्यंत. दोन ओल्या डागांच्या मधे त्याची जुनी जागा कोरडी राहिली.

सामना बरोबरीत सुटला. नानासाहेब जरा नाराज होते. त्यांना विजय हवा होता. मुकुंदवाडीचा एकुलता एक गोल पूर्वार्धात झाला. गोकुळनं मधून चेंडू सोडला, तो त्या कोरड्या पट्ट्यावरून धूळ उडवत गेला, आणि धूळ बसेपर्यंत हिमांशूनं तो जाळ्यात घातला होता. अनंतरावांना गोल दिसलाच नाही. गोकुळ हात वर करून पळताना दिसला, त्यावरून कळलं.