मामाचा खांदा

कीर्तनाच्या साखरपुड्यात रणवीरने तोंड उघडलं नसतं, तर आमचे हे आजही चेन्नईजवळच्या तांबरमच्या घरात झोपाळ्यावर बसून भजी खात असते.

कीर्तना ही ह्यांची भाची. ह्यांची बहीण श्रीदेवी, तिची एकुलती एक मुलगी. पोर चार वर्षांची असताना तिचे वडील ऑफिसात बसल्या जागी छातीत कळ येऊन गेले. मायलेकी चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आल्या त्या राहिल्याच. आम्हाला मूल नाही, त्यामुळे भाची कोण आणि लेक कोण हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही. हे रेल्वेच्या ऑफिसातून संध्याकाळी घरी आले की चहाच्या आधी तिला खांद्यावर घ्यायचे आणि स्टेशनच्या पुलावर गाड्या दाखवायला न्यायचे. लोकल कितीही गेल्या तरी बाईसाहेबांचं समाधान व्हायचं नाही. एक्स्प्रेस दिसेपर्यंत ती खाली उतरायची नाही.

आता त्या खांद्याचा विषय साखरपुड्यात का निघाला, ते सांगायला हवं. मी सांगलीची. आमच्याकडे मामा मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत मागे उभा राहतो. ह्यांचं घराणं मात्र तंजावरचं. पूर्वज तिकडे जाऊन कित्येक पिढ्या झाल्या, तेव्हा लग्नातले निम्मे विधी आपले आणि निम्मे तमिळ. तमिळ लग्नात माळा घालायच्या त्या जमिनीवर उभं राहून नाही. नवरीला तिचा मामा खांद्यावर उचलतो, नवऱ्याला त्याचा मामा. दोघेही मागे सरकतात, हुलकावण्या देतात, माळ हुकते, पाहुणे ओरडतात. तीनदा माळा बदलल्या की सुटका.

साखरपुड्याच्या जेवणात ह्याच गोष्टीवरून हसणं-खिदळणं चाललं होतं. रणवीर हा कीर्तनाचा चुलतभाऊ, व्यायामशाळेत जाऊन दंड फुगवलेला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी उचलतो तिला. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा, फोटोत हात लावल्यासारखं दिसेल."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. ह्यांचं नाव भीमसेन आणि देहही नावाला जागणारा. ज्या पुलावर पोरीला खांद्यावरून न्यायचे, तो पूल आता नुसता चढतानाही मध्ये कठड्याला धरून उभे राहायचे आणि गाड्या बघायला थांबलोय असा आव आणायचे. हेही सगळ्यांबरोबर हसले. पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

घरी आल्यावर शर्टाची बटणं काढता काढता म्हणाले, "मधू, पोरीला मीच उचलीन. दुसऱ्याचा खांदा नक्को."

ह्यांचं मराठी असंच, जुनं आणि तमिळ हेल काढलेलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी मला त्याची गंमत वाटते. त्या दिवशी मात्र वाटली नाही. मी म्हटलं, "आधी आपल्या घराचा जिना न थांबता चढा." माझी जीभ तशी तिखटच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात धप्प असा आवाज झाला. जाऊन बघते तर तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं जमिनीवर आणि त्याच्या शेजारी हे, पाठीला हात लावून बसलेले. पोतं कमरेपर्यंत आलं होतं, पुढे आलं नाही. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाठ तपासली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "सर, एक पोतं तुम्ही आधीच पोटाला बांधून फिरताय. अगोदर ते उतरवा, मग दुसरं उचला." लग्न पुढच्या पोंगलनंतर, म्हणजे संक्रांतीनंतर ठरलं होतं. तन्मयला, म्हणजे होणाऱ्या जावयाला, त्याची शोळिंगनल्लूरची कंपनी मधले काही महिने परदेशी पाठवणार होती. हाताशी जेमतेम वर्ष होतं.

पाठ बरी झाली तशी ह्यांनी बूट आणले. असे की अंधारातही चमकावेत. पहिल्या दिवशी पहाटे मोठ्या उमेदीने बाहेर पडले आणि रेल्वे कॉलनीच्या रस्त्यावर एकदम धावतच सुटले. पिंपळापर्यंत गेले आणि पोटात कळ येऊन खाली बसले. तिथून उठले ते थेट हॉटेलात. पोंगल भात, दोन वडे, वर फिल्टर कॉफी. "धावलों ना आज," असं वर मलाच ऐकवलं. आठवडाभर हाच कार्यक्रम चालला आणि वजनकाट्यावरचा आकडा उलट वर गेला. मग मात्र माझी सटकली. म्हटलं, "हे धावणं आहे की वड्याची वर्गणी? त्यापेक्षा रणवीरला सांगा उचलायला!"

दुसऱ्या दिवशीपासून ह्यांची रीत बदलली. एका झाडापासून पुढच्या झाडापर्यंत हळू धावायचं, मग दोन झाडं चालायचं. असं धावणं की शेजारून जाणारी दूधवाली बाई पुढे निघून जायची. तिचं हसू येताना-जाताना झेलायचे. संध्याकाळी ऑफिसातून येताना लोकलमधून तांबरमला उतरायच्या ऐवजी एक स्टेशन अलीकडे, सॅनिटोरियमला उतरायचे आणि चालत घरी यायचे. रेल्वेचा माणूस, त्याचा हिशेब स्टेशनांचाच. मे महिन्यातलं कत्तिरीचं ऊन तापायला लागलं तेव्हा ते त्याच्याही अलीकडे, क्रोमपेटला उतरायला लागले होते. घामाने ओलेचिंब होऊन दारात उभे राहायचे आणि मी टॉवेल पुढे करायची.

स्वयंपाकघरात मलाही बदलावं लागलं, आणि ते धावण्याहून अवघड होतं. सांगलीच्या घरात लहानपणी पाहिलेला आग्रह माझ्या हातातच बसलाय. समोरच्याने नको म्हटलं की माझा डाव आपोआप भातात जातो. ते आधी ताटावर आडवा हात धरायचे, मग हात मागे घ्यायचे आणि खायचे. एक दिवस मीच डाव त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "तुम्हीच वाढून घ्या, मी इकडे बघत नाही." भाताचा डोंगर हळूहळू टेकडी झाला. कॉफीतली साखर अर्धी झाली, मग पाव. भजी रविवारी, तीही मोजकी. उपास नाही, काढे नाहीत, उकडलेला दुधी नाही. श्रीदेवी दर आठवड्याला लाडू करायची, ते आता कॉलनीतल्या मुलांना मिळायला लागले. ती फुरंगटली, पण पोरं खूश झाली.

पाऊस सुरू झाला तेव्हा रस्त्यावर गुडघाभर पाणी. मला वाटलं, आता सुटणार हे व्रत. तर हे इमारतीच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत, खांबांना वळसे घालत धावायला लागले. वॉचमन खुर्ची भिंतीला लावून बसायचा आणि ह्यांना वाट द्यायचा. जुन्या पँटींना शिंप्याकडे दोनदा नेऊन झालं. पोटावर हात ठेवून आरशासमोर उभे राहायचे आणि मी खोलीत आले की हात काढायचे. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटायचा की मी मुद्दाम काहीतरी खोचक बोलायची.

तेवढ्यात श्रीदेवीने घाव घातला. जेवताना म्हणाली, "अण्णा, वजन उतरवलंस, फार छान झालं. पण उचलायचं रणवीरच. मी सांगितलंय त्याला."

"कां गं?"

"कां म्हणजे? भर लग्नात पोरीला घेऊन पडलास तर? आणि तुझ्या छातीत काही..." तिने ताट बाजूला सरकवलं. "एक माणूस बसल्या जागी गेलेला पाहिलाय मी. दुसरा उभ्या जागी नको पाहायला."

हे ताटावरून उठले, हात धुतले आणि खाली गेले. बराच वेळ आले नाहीत. मी गॅलरीतून पाहिलं तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून चालत येत होते, आणि खांद्यावर तांदळाचं पोतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पावलांचा आवाज एकसारखा वर येत राहिला, कुठे थांबला नाही. श्रीदेवीने दार उघडलं. हे पोतं खांद्यावर तसंच ठेवून उभे राहिले आणि तिला सगळं विचारायला लागले. आज सांबारात काय घातलंस, तन्मय परदेशातून कधी येतो, हॉल अड्यारचा ठरला की दुसरा बघायचा. साध्या आवाजात, एकदाही दम न लागता. श्रीदेवी रडायलाही लागली आणि हसायलाही.

"सेरी, बरं," ती म्हणाली. "पण रणवीर तुझ्या मागे उभा राहील. काही झालं तर धरायला."

"राहू दे," हे म्हणाले. "आता पोतं खाली ठेवू?"

लग्नाच्या दिवशी अड्यारच्या हॉलमध्ये माळा बदलायची वेळ झाली आणि नवऱ्याकडच्यांत एकदम धावपळ उडाली. तन्मयचा मामा नाशिकहून आलेला, सत्तरीचा आणि दोन्ही गुडघे नवे बसवलेला. त्याला हा विधी कुणी सांगितलाच नव्हता. तो घाबरून म्हणाला, "अहो, आमच्याकडे मामा नुसता मागे उभा राहतो!" मी मनात म्हटलं, कित्ती शहाणी रीत. तन्मय सहा फुटी आणि चांगला खात्यापित्या घरचा. त्याला उचलणार कोण? सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळल्या, आणि रणवीर धोतर खोचत नवऱ्याकडे गेला.

म्हणजे ह्यांच्या मागे आता कुणी नव्हतं. श्रीदेवीने माझा हात असा आवळला की बांगड्या मनगटात रुतल्या.

हे खाली वाकले. कीर्तना शालूचा घोळ आणि हातातली माळ सावरत खांद्यावर बसली. एक क्षण हे तसेच वाकलेले राहिले. मग ते उठले. सरळ, सावकाश, त्या दिवसापासून रोज पोतं उचलून उचलून शिकले होते तसे. नादस्वरवाल्याने गाल फुगवले आणि हॉल दणाणला.

रणवीरची खोडी अजून गेलेली नव्हती. तन्मयला घेऊन तो मागे सरकला, पहिली माळ हुकली. तरुण पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्याला चेव आला आणि तो चक्क स्टेजच्या पायऱ्या उतरून खुर्च्यांमधल्या वाटेने पळायला लागला. सगळ्यांना वाटलं, मामा आता थांबणार, हसून हात जोडणार. तेवढ्यात वरून कीर्तना चार वर्षांच्या पोरीसारखी ओरडली, "मामा, एक्स्प्रेस!"

आणि आमचे हे निघाले. पायऱ्या उतरले, वाटेला लागले, तेच त्यांचं रोजचं, दूधवालीला पुढे जाऊ देणारं हळू धावणं. घाई नाही, धाप नाही. एका झाडापासून पुढच्या झाडापर्यंत. रणवीर जोरात पळाला, दाराशी वळला, परत आला, आणि तिथे त्याचे दंड संपले. तन्मय खाली घसरायला लागला. हे समोर जाऊन उभे राहिले आणि कीर्तनाने वरून अलगद माळ घातली. मग दुसरी, मग तिसरी. रणवीर घामाघूम होऊन म्हणाला, "पोदुम मामा, पोदुम! पुरे!"

"का रे," हे म्हणाले, "फोटोत बरा दिसतोस की!"

मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. नवऱ्याकडच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, तर म्हटलं बघू देत. लोक म्हणत होते, आता उतरवा तिला. पण ती उतरेना आणि ते उतरवेनात. तसेच चालत ते श्रीदेवीपुढे आले. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. कीर्तनाने वरून वाकून तिचे हात बाजूला केले.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या दमणुकीने सगळं घर झोपलं होतं. पहाटे मला जाग आली तर हे दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होते.

म्हटलं, "अहो, झालं ना लग्न! आता कशाला?"

त्यांनी मान वर केली. माझ्या अकलेची कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "कीर्तनाला सख्खा भाऊ आहे का?"

"नाही."

"मग तिला लेक झाली, तर त्या लेकीला मामा कोण?"

मी मनात वर्षं मोजली. त्या लेकीच्या लग्नाला ह्यांची ऐंशी कधीच उलटलेली असेल. काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या चपला पुढे सरकवल्या.

"मामीपण लागेल की तेव्हा," ते उठत म्हणाले. "चल, चपला घाल."

मी पदर खोचला आणि त्यांच्या मागून जिना उतरले. पिंपळापर्यंत जाताना मी दोनदा थांबले. ते दोन्ही वेळा माझ्याबरोबर थांबले.