चौथं वाक्य

नंदकिशोर सर ताथवड्याच्या शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि संस्थेचे अध्यक्ष आणि गावचे पुढारी अण्णासाहेब दर वर्षी त्यांना "पुढल्या जूनला कायम करतो, सर" म्हणत होते. त्यामुळे अण्णासाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स इंग्रजीत हवा असं फर्मान सुटलं, तेव्हा सरांना नाही म्हणायची सोयच नव्हती. नव्या सोसायट्यांमधली आयटीवाली मंडळी मराठी फ्लेक्सकडे ढुंकूनही बघत नाहीत, ही साहेबांची खंत.

दहावीला उपमा-रूपकं चालू होती. फ्लेक्ससाठी पोरंच काहीतरी सुचवतील म्हणून सरांनी हात झटकले, तर अण्णासाहेब स्वतःच शेवटच्या बाकावर येऊन बसले.

"अण्णासाहेब म्हणजे नदी," अनिश म्हणाला.

"नगं. नदीला फेस आलाय, लोक त्येच काढत्याल."

"दिवा," ओवी म्हणाली.

"लाइट कवा जाईल भरवसा न्हाई. नगं."

"मग रस्ता?" अनिशनं विचारलं.

"खाली बस!" अण्णासाहेब ओरडले.

सरांनी घाईघाईनं फळा पुसला. उपमा गुंडाळून ते समांतर वाक्यांकडे वळले. एकाच साच्याची तीन वाक्यं पाठोपाठ आली की बोलण्याला वजन येतं, वगैरे. तेवढ्यात मैत्री उठली. हुशार पोरगी, पण जिभेला लगाम नाही.

"अण्णासाहेब प्रॉमिस्ड अस अ रोड. अण्णासाहेब प्रॉमिस्ड अस अ ब्रिज. अण्णासाहेब प्रॉमिस्ड अस वॉटर."

सरांना नोकरी गेल्यातच जमा वाटली.

अण्णासाहेब मात्र खूश! "प्रॉमिस म्हंजी शब्द, व्हय ना? शब्द दिला, शब्द दिला, शब्द दिला! आन् नावबी तीनदा. ह्येच छापा."

"वाक्यरचना निर्दोष आहे," सर म्हणाले. खोटं तर बोलले नव्हते बिचारे.

चौकात फ्लेक्स लागला. आयटीवाले गाड्या थांबवून फोटो काढू लागले, खिदळू लागले, आणि आधीच खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावर ही मोठी कोंडी झाली. अण्णासाहेब दोन दिवस हवेत होते. मग सुनेनं, अरुंधतीनं, लोक कशाला हसतायत ते त्यांना समजावून सांगितलं. संध्याकाळी फ्लेक्स उतरला आणि सरांना बोलावणं आलं.

सर राजीनामा खिशात घालूनच गेले. अण्णासाहेबांनी एक लिफाफा पुढे सरकवला. आत कायम नेमणुकीचं पत्र होतं.

"साहेब, हे..." सरांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं.

"घ्या मुकाट्यानं," अण्णासाहेब गुरगुरले. "रस्त्याचं वाक्य झालं, पुलाचं झालं, पाण्याचं झालं. आता त्या पोरीच्या चौथ्या वाक्यात तुमची नोकरी यायला नगं."