खिळ्यावरचे पट्टे

माझ्या जिममध्ये मोठ्या आरशाशेजारी एक खिळा आहे. त्यावर हिचे, माझ्या बायकोचे, दोन पट्टे टांगलेले असायचे. ही गेल्यावर मी त्यांना कुणाला हात लावू दिला नाही. बँकेत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी एकदा सहज उचलले, तर मी असा खेकसलो की ते बिचारे आठवडाभर फिरकलेच नाहीत.

ही व्हायोलिन वाजवायची. शहराच्या वाद्यवृंदात दुसऱ्या रांगेत, खिडकीकडची खुर्ची तिची. लग्नाच्या कितीतरी आधी ती प्रथम माझ्या जिममध्ये आली, ती व्हायोलिनची पेटी खांद्याला लावूनच. दारात उभी राहून म्हणाली, "इथे खांदे दुरुस्त करून मिळतात का?"

मी म्हणालो, "दुरुस्त नाही, मजबूत करून मिळतात."

"फार मजबूत नको हं. हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये व्हायोलिन मावलं पाहिजे."

तास न् तास वाद्य धरून तिचा डावा खांदा आणि पाठ भरून यायची. मी तिला इतरांना देतो तसाच व्यायाम दिला. बारला लटकायला लावलं, जमिनीवरून बारबेल उचलायला लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तणतणत आली.

"काल तुम्ही मला लटकवलंत आणि आज माझा गज लटपटला! तालमीत सगळ्यांसमोर. संचालक विचारतात, हे कंपन कुठून आलं?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग तिने पेटी उघडली आणि तिथेच, वजनांच्या मांडणीला टेकून, मला दाखवलं. जलद वाजवलं तेव्हा सगळं ठीक. पण गज अगदी हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायला लागली की आवाज थंडीत बोलल्यासारखा कापायचा. डाव्या हाताची बोटंही तारेवर जड पडत होती. बारबेल मुठीत आवळून धरल्याने कोपरापासून खालचा हात थकून गेला होता. आमच्याकडच्या माणसाला याचं काहीच वाटत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी फार तर चहाचा कप धरायचा असतो.

आठवड्याने ती हे पट्टे घेऊन आली. तिच्या पहिल्या पेटीचा खांद्याला लावायचा जुना पट्टा कापून, दुमडून, लाल दोऱ्याने शिवलेले. एक टोक मनगटात घालायचं, दुसरं बारला गुंडाळायचं. मग वजन मनगटाला लटकतं, बोटं नुसती सोबतीला. असे पट्टे आमच्या धंद्यात होतेच, पण ते जास्त वजन उचलायची हाव असलेले वापरायचे. हिने ते बोटांना सुट्टी द्यायला शिवले होते.

"उचलायचं ते पाठीने आणि पायांनी," ती मला, जिमच्या मालकाला, समजावत होती. "बोटांना पत्तासुद्धा लागता कामा नये. आणि आधी वाजवणं, मग वजनं. उलट कधीच नाही."

"म्हणजे मी कशासाठी आहे?"

"बोटं माझी. बाकी सगळं तुमच्यावर सोपवलं."

तेव्हा ती खांद्यापाठीबद्दलच बोलत होती. मी मात्र लग्नानंतरही वर्षानुवर्षं तिला त्यावरून छळलं. "बाकी सगळं माझ्यावर सोपवलंस ना, मग वीजबिलही मीच भरतो," असं म्हणायचो. ती म्हणायची, "अहो, भरा की मग. नुसतं बोलू नका."

रोज संध्याकाळी तालीम संपवून ती यायची. पेटी खिळ्याखालच्या खुर्चीवर, पट्टे मनगटावर. तिच्या मानेवर डावीकडे व्हायोलिनचा काळपट डाग होता. नवीन लोक तो चोरून बघायचे. घट्टे होते ते डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना. तळवा शेवटपर्यंत मऊच राहिला.

ती आजारात गेली. त्यानंतर महिनाभराने आमची लेक सकाळी सकाळी माझ्याबरोबर जिममध्ये येऊ लागली. तीही व्हायोलिन वाजवते, आईकडेच शिकलेली. घरात आम्ही दोघं एकमेकांना चुकवत फिरायचो. जिममध्ये बोलायची गरज पडत नसे. ती बारबेलला चकत्या चढवायची, मी दार उघडून पंखे लावायचो. ती उचलायची ते वजन वाढत गेलं तसं मला बरं वाटायचं. जेवू लागली होती, झोपू लागली होती.

वाद्यवृंदाने हिची खुर्ची भरायचं ठरवलं. लेकीने अर्ज केला. परीक्षा पडद्याआडून असते. वाजवणारा एका बाजूला, ऐकणारे दुसऱ्या, म्हणजे कोण कुणाची मुलगी ते कळू नये. तिला ती खुर्ची हवी होती. तोंडाने म्हणाली नाही, पण आईच्या पेटीला नवं कुलूप बसवून आणलं, त्यावरून मी समजलो.

एक दिवस दुपारी वाद्यवृंदात चेलो वाजवणारे चेलोवाले माझ्याकडे आले. हिच्याबरोबर इतकी वर्षं वाजवलेले, की आमच्या घरात त्यांना दुसरं नावच उरलं नव्हतं. जिना चढून धापा टाकत बाकावर बसले.

"व्यायामाला आलात?" मी विचारलं.

"माझं मलाच वर आणताना नाकी नऊ आले. तुमची लोखंडं कुठे उचलू?" मग रुमालाने मान पुसत म्हणाले, "पोरगी काल माझ्याकडे वाजवायला आली होती. गज थरथरतोय तिचा."

"मन थाऱ्यावर नसेल."

"मनाचं तुम्ही बघा. मी कानाचं सांगतो. परीक्षेची सुरुवातच संथ तुकड्याने आहे. आत्ता वाजवलं तसं वाजवलं, तर पहिल्याच ओळीला धन्यवाद म्हणून बाहेर काढतील. हात दाखव म्हटलं तर तिने पाठीमागे लपवले."

थंडीत बोलल्यासारखा आवाज. मला तो ऐकून माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बारबेलवर वाकलेली असताना मी पुढे गेलो.

"हात बघू."

"काही नाही झालेलं."

"बघू म्हटलं ना."

बोटांच्या मुळाशी, तळव्यावर, घट्टे उठले होते. एक फाटून लाल झाला होता. असे हात मी रोज बघतो, माझेही तसेच आहेत. या घरच्या व्हायोलिनवाल्या हातावर मात्र पहिल्यांदाच बघितले.

"पट्टे का नाही वापरत? आईला बघितलंस ना लहानपणापासून?"

"आईचे आहेत ते."

"मग?"

"तुम्ही कुणाला हात लावू देत नाही."

"तू कुणी आहेस का?"

"मला काय माहीत, बाबा! तुम्ही त्या बँकवाल्या काकांवर ओरडलात तेव्हा मी तिथे आरशासमोरच होते."

मी खिळ्याकडे बघितलं. ती चकत्यांकडे बघत म्हणाली, "घरी वाजवायला बसलं की आईसारखं येत नाही. रोज आणखीच वाईट. इथे निदान दर आठवड्याला एक चकती वाढते. हे बंद करा म्हणू नका."

"बंद कर म्हणत नाही."

मी खिळ्यावरून पट्टे काढले. इतके महिने टांगून कडक झाले होते. तळहातांत चोळून मऊ केले, तेव्हा हिच्या हाताला असायचा तो गजाला घासायच्या राळेचा वास आला. थोडा वेळ तसाच धरून उभा राहिलो. मग तिच्या मनगटांवर चढवून दिले.

"आज नाही," मी म्हणालो. "हे नुसतं माप घेतलं. हात बरे होईपर्यंत सुट्टी. मग संध्याकाळी यायचं, वाजवून झाल्यावर. वजन निम्मं."

"निम्मं?"

"आईने कधी त्यापेक्षा जास्त उचललं नाही. आणि बोटांना पत्ता लागू द्यायचा नाही."

"हे तिचंच वाक्य आहे."

"माझं कुठून असणार?"

सकाळी मी एकटाच कुलूप उघडू लागलो. ते जड गेलं, खोटं कशाला सांगू. पण घरातून निघताना तिच्या खोलीतून तो एकच लांब सूर ऐकू यायचा, आणि मी जिन्यात थांबून तो संपायची वाट बघायचो. आधी मध्येच कापायचा. मग टोकाशी. मग एका सकाळी तो सरळ गेला आणि मला जिममध्ये पोचायला उशीर झाला.

परीक्षेच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. दार जाड, आतलं काही ऐकू येईना. ती बाहेर आली आणि म्हणाली, "संथ तुकडा सरळ गेला. पुढे एकदा घसरले." ते घसरणं परीक्षकांनी पोटात घातलं असावं. पुढच्या आठवड्यात खिडकीकडची खुर्ची तिला मिळाल्याचा फोन आला.

आता संध्याकाळी खिळ्याखाली पुन्हा पेटी असते. रोज वापरून पट्ट्यांची शिवण उसवायला लागली. वासही गेला, लेकीच्या घामाचा येतो. परवा मी सुई घेऊन बसलो. लाल दोरा घरात नव्हता, काळ्यानेच टाके घातले, हिच्या टाक्यांना धक्का न लावता, शेजारून.

लेकीने पट्टा उजेडात धरून बघितला. "बाबा, हे टाके आहेत की मुंग्यांची रांग?"

"तुटले तर सांग."

तिने पट्टा मनगटावर ओढून बघितला. "नाही तुटणार," म्हणाली, आणि बारबेलकडे वळली.