गल्ली दोन, घर नंबर एक

विजयसिंहाला एक नंबरचं वेड होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. जीपला एक नंबर, बुलेटला एक नंबर, इथवर ठीक. तसली माणसं कोल्हापुरात गल्लीला चार सापडतात. पण विजयसिंहानं आपल्या तिन्ही म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यांवरही एक, एक आणि एक असंच घालून घेतलं होतं. जनावरांचा डॉक्टर आला की एकाच म्हशीला तीनदा टोचून जायचा आणि बाकीच्या दोघी समाधानानं रवंथ करत बसायच्या. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर दुसरं कुणी दिसलं तर विजयसिंह त्याच्या मागं उभा राहून असा खाकरायचा, की त्या बिचाऱ्याला जिलेबी कडू लागायची. अपेंडिक्सच्या वेळी दवाखान्यात दोन नंबरची खाट मिळाली, तर पठ्ठ्यानं एक नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला टाक्यांसकट उठवलं आणि स्वतः तिथं आडवा झाला. म्हातारा त्यानंतर आठ दिवस जगला म्हणतात. काही जण नऊ म्हणतात.

या विजयसिंहाच्या, म्हणजे सगळ्यांच्या आण्णाच्या, पाठीवरचा भाऊ शार्दूल. वरच्या मजल्यावर आण्णा आणि वैनी, खालच्या मजल्यावर शार्दूल आणि त्याची बायको भैरवी, आणि भिंतीला लागून म्हशी. पहाटे शार्दूलनं धारा काढायच्या, मग वैनींचा सिलिंडर चढवायचा, मग आण्णाची जीप पुसायची, दुपारी एका खाजगी क्लासात पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा आणि संध्याकाळी पुन्हा धारा. वय बेचाळीस. इतक्या वर्षांत त्यानं थोरल्याला एकदाही 'न्हाय' म्हटलेलं नव्हतं. म्हणायचं नुसतं मनात आलं तरी त्याला उचकी लागायची.

अशा माणसाला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारी कॉम्प्युटरची मशिनं सांभाळायचं काम, पगारी, कायम, राहायला दोन खोल्यांसकट. फक्त गुरुवारी दुपारी तीनला घरबसल्या परीक्षा द्यायची होती. अट एवढीच, की कॉम्प्युटरला वायरनं जोडलेलं इंटरनेट हवं, मोबाईलचं चालणार नाही, आणि मध्येच लाईन तुटली तर उमेदवारानं दहा मिनिटांत परत पडद्यापुढं हजर व्हायचं, नाहीतर बाद.

भैरवीनं ते पत्र देवापुढं ठेवलं नाही. ती म्हणाली, "देवाचं र्‍हाऊ दे, आधी वायरीचं बघा."

वायरीचंच दुखणं होतं. नेटची लाईन वर आण्णाच्या हॉलमध्ये यायची. राउटरचं वायफाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दम तोडायचं. आणि गेल्या वळवात वीज अशी कडाडली होती की राउटरची मागची सगळी भोकं जळून एकच जिवंत राहिलं होतं. त्यात आण्णाच्या कॉम्प्युटरची वायर होती, आणि ती काढायची कुणाची छाती नव्हती. कॉम्प्युटर जुना, हॉस्टेलला गेलेल्या आण्णाच्या पोराचा. त्यात शार्दूलनंच लिनक्स घालून तो जगवला होता. उपाय एकच. त्याच कॉम्प्युटरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवायचं, एका कार्डातनं नेट आत घ्यायचं आणि दुसऱ्यातनं वायर सोडून खाली न्यायचं.

बुधवारी सकाळी कार्ड घेऊन शार्दूल वर गेला आणि पत्राचं, परीक्षेचं सांगून त्यानं परवानगी मागितली. आण्णा सोफ्यावर पाय पसरून बसला होता.

"बसव की," आण्णा म्हणाला. "घर काय परक्याचं हाय व्हय?"

शार्दूलला आनंदानं भरून आलं. डबा उघडून, धूळ फुंकून त्यानं कार्ड खाचेत दाबलं आणि मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. कार्ड ओळखलं गेलं होतं. आता त्याला पत्ता द्यायचा राहिला होता. आण्णा उठून मागं येऊन उभा राहिला, पंगतीत राहायचा तसा.

"ह्याला काय नंबर देणार?"

"कार्डाला पत्ता असतोय आण्णा. आकड्यांचा."

"त्येच इचारतोय. नंबर कितवा?"

"हे बघा. दोन कार्डं म्हंजे घराला दोन दारं. पुढल्या दारानं नेट आत येतंय, मागल्या दारानं खाली जातंय. पुढलं दार एक नंबरच्या गल्लीत हाय. त्या गल्लीत एक नंबरचं घर राउटरचं, पाच नंबरचं आपलं."

आण्णानं भिंतीवरच्या राउटरकडं पाहिलं. राउटर हिरवा दिवा मिचकावत होता.

"ह्यो डबडा? ह्यो एक नंबर, आन् मी पाच? माझ्या घरात?"

"कंपनीकडनंच तसा आलाय."

"मागल्या दाराला एक नंबर घाल. न्हायतर वायर खाली जायची न्हाय. म्हशी नेटबिगर दूध देत्यात न्हवं? मग तुला काय धाड भरलीया?"

शार्दूलला उचकी लागली. तो पाणी प्यायला, आणि पाणी पिता पिता त्याच्या डोक्यात आयुष्यातली पहिली लबाडी उगवली. नाहीतरी दुसऱ्या कार्डाला वेगळीच गल्ली द्यावी लागणार होती. त्या नव्या गल्लीत पहिलं घर आपलंच. त्यानं फाईल उघडली आणि मागल्या दाराचा पत्ता टाईप केला: १९२.१६८.२.१. शेवटून दुसरा आकडा गल्लीचा, शेवटचा घराचा.

"हे बघा आण्णा, शेवटचा आकडा. गाडीच्या पाटीवर कसा शेवटचा बघत्यात, तसाच."

"एक!" आण्णा म्हणाला, आणि त्याच्या मिशा फुलल्या. "आता ही फाईल कशी उघडायची त्ये कॅलेंडरवर लिहून दे. पासवर्डबी लिव्ह. पावणं आलं की दाखवाय नको व्हय?"

शार्दूलनं कॅलेंडरच्या मागं मोठ्या अक्षरांत सगळं लिहून दिलं: फाईल अशी उघडा, आकडा असा बदला, अशी साठवा, मशीन बंद करून चालू करा. मास्तरच तो. लिहायला लागला की पाठ पुरा केल्याशिवाय हात थांबायचा नाही. मग एका कार्डाकडचं दुसऱ्याकडं जाऊ द्यायची परवानगी त्यानं लिनक्सला दिली, वायर खिडकीतनं खाली सोडली, आणि भैरवीनं खालनं आरोळी ठोकली, "आलंऽऽ!"

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण माणसाला उपास सोसतो, मार सोसतो. थोरल्याला गंडवल्याचं सुख काही पोटात राहत नाही. त्या संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर, जिथं म्हैस समोर पिळून दूध देतात तिथं, शार्दूल ताज्या धारेचा पेला हातात घेऊन उभा होता. शेजारी पिराजी होता. पिराजी म्हणजे आण्णाचा उजवा हात, आणि त्याचे दोन्ही कान. शार्दूलला हे ठाऊक होतं. पण ओठाला फेस लागला होता, आणि बेचाळीस वर्षांत सांगण्यासारखं पहिल्यांदाच काही घडलं होतं.

"पिराजी, कुणाला सांगू नगंस," तो म्हणाला. "आण्णा एक नंबर म्हणून मिरवत्यात न्हवं? गल्ली दोन नंबरची दिलीया म्या त्यास्नी!"

पिराजी इतका हसला की त्याच्या नाकातनं दूध आलं. मग त्यानं पेला खाली ठेवला, मिशी पुसली आणि "जरा काम हाय" म्हणून तडक निघाला. म्हशीनंसुद्धा मान वळवून बघितलं म्हणतात.

गुरुवारी तीनला शार्दूल इस्त्रीचा शर्ट घालून खाली कॉम्प्युटरपुढं बसला. भैरवी दाराला पाठ लावून उभी राहिली, म्हणजे कुणी यायला नको. परीक्षा घेणारी बाई पडद्यावर दिसत होती, चष्म्याची, गोड. पहिला प्रश्न शार्दूलनं सोडवला. दुसरा सोडवला. तिसऱ्याला ती बाई म्हणाली, "छान. एवढं नीट आज कुणीच सांगितलं नाही." भैरवीच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस मिनिटं झाली होती, वीस राहिली होती. आणि बोलता बोलता त्या बाईचं तोंड अर्धं उघडं राहिलं ते राहिलंच. पडद्यावर घड्याळ उमटलं: दहा मिनिटं, आणि खाली खाली येणारे सेकंद.

शार्दूल जिना तीन ढांगांत चढला.

हॉलमध्ये अकरा माणसं बसली होती. पोह्यांच्या बशा हातात होत्या. कॉम्प्युटरपुढं आण्णा, मांडीवर कॅलेंडर, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून पिराजी.

"या मास्तर," आण्णा म्हणाला. "मंडळी, ह्ये आमचं धाकटं. आम्हास्नी दोन नंबरच्या गल्लीत बसवलंतं ह्यानं. आता आमचं आम्ही सुधरून घेतलं. बघ, दोन्ही जागी एक."

पडद्यावर १९२.१६८.१.१ असा पत्ता लखलखत होता. भिंतीवरच्या राउटरचाही पत्ता तोच. एका गल्लीत दोन एक नंबर झाले होते आणि नेट जागच्या जागी मेलं होतं.

"आण्णा, माझी परीक्षा चाललीया! दहा मिनिटंच हाईत! तेवढा दोन करू द्या, मग काय वाट्टेल त्ये करा!"

"परीक्षा हाय त्ये म्हाईत हाय की," आण्णा शांतपणे म्हणाला. "म्हणून तर पावण्यांस्नी साडेतीनला बलावलं. तू पुण्याला गेल्यावर धारा कोण काढणार? मी?"

पावणं हसलं. पिराजी सगळ्यांत मोठ्यानं.

"उठा की आण्णा, पाया पडतो."

"पाया नगं. नुसतं म्हण, आण्णा एक नंबर."

"आण्णा एक नंबर."

"मागच्यांस्नी ऐकू गेलं न्हाय."

"आण्णा एक नंबर!"

"आन् मी?"

शार्दूलला उचकी लागली. अकरा माणसं बशीतला चमचा थांबवून वाट बघत होती.

"मी दोन नंबर," तो म्हणाला.

"शाबास." आण्णा खरोखरच खुर्चीतनं उठला. तो दिलदार माणूस होता. ऐकायचं ते ऐकलं की त्याचा राग टिकत नसे. "बस. कर तुझा दोन."

शार्दूल झडप घालून बसला. फाईल उघडली, एकाचा दोन केला, साठवला, मशीन परत चालू करायला सोडलं. त्याला एक मिनिट लागणार होतं. तेवढ्यात मागनं पिराजीनं विचारलं, आणि त्यात कुचेष्टा नव्हती, त्याला खरंच कळलं नव्हतं:

"पर मास्तर, एक केल्यावर बंद का पडलं रं?"

आजवर त्या हॉलमध्ये शार्दूलला कुणी काही विचारलं नव्हतं. सिलिंडर कुठाय, जीप पुसली का, एवढंच. तो मागं वळला. अकरा चेहरे त्याच्याकडं बघत होते, आण्णा आणि पिराजी धरून तेरा.

"सोपं हाय," तो म्हणाला. त्यानं दोन कप ओढून समोर ठेवले. "ही गल्ली. ह्ये राउटरचं घर, ह्ये तुमचं. दोघांच्या दारावर एकच पाटी. पोस्टमन पत्र घेऊन निघाला, एक नंबरला द्याचं म्हणून. पर त्यो निघालाय तुमच्याच घरातनं. तुमच्याच उंबऱ्यावर पाटी बघतोय, एक नंबर! पत्र तिथंच टाकतोय आन् घरी जातोय. भाईर कायच जात न्हाय!"

"आयला!" कुणीतरी म्हणालं.

"मग दोन नंबरची गल्ली कशापायी?" दुसऱ्यानं विचारलं.

शार्दूलनं तिसरा कप घेतला. बशी घेतली. चमच्याची वायर केली. त्या घरात पहिल्यांदा त्याचं बोलणं कुणी तोडत नव्हतं. सोफ्यावरची दोघं पुढं सरकली, वैनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकू लागल्या, पिराजीनं "वा रं मास्तर!" म्हणून मांडीवर थाप मारली, आणि खुद्द आण्णानं मान हलवली. "म्हंजे मला कमी न्हवता केला तू," तो सावकाश म्हणाला. "गल्लीच नवी काढून दिलीतीस. तिथला पैला मी."

"त्येच म्हणतोय की आण्णा!"

खालनं भैरवीची हाक आली. मग पुन्हा आली. तिसऱ्या हाकेला आवाज नीट नव्हता. तेव्हा शार्दूलनं चमचा टाकला आणि धावला.

नेट आलं होतं. पडद्यावर ती बाई नव्हती. दोन ओळी होत्या: आपला वेळ संपला आहे. सहभागाबद्दल आभार.

भैरवी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. मग तिनं विचारलं, "त्यास्नी एक नंबर म्हणायला किती लागली?"

"दोन मिनिटं."

"आकडा बदलून मशीन चालू व्हायला?"

"दीड. धर की दोन."

"जिना?"

"जाऊन येऊन एक."

भैरवीनं बोटांवर मोजलं. "मग पाच उरत्यात की. त्यात काय केलासा?"

शार्दूल खुर्चीत बसला. वरनं पावण्यांचा आवाज येत होता. कुणीतरी दुसऱ्या कुणाला तेच समजावून सांगत होतं, पोस्टमनचं.

"पिराजीनं इचारलं," तो म्हणाला. "का बंद पडलं म्हणून."

"आन् तुम्ही सांगितलासा."

"व्हय."

"कळलं का त्यास्नी?"

"सगळ्यांस्नी कळलं," शार्दूल म्हणाला, आणि त्याच्या नकळत त्याची मान थोडी वर झाली. "आण्णास्नीबी."

भैरवीनं त्याच्या त्या वर झालेल्या मानेकडं पाहिलं. मग ती आत गेली आणि तिनं कोपऱ्यातली संध्याकाळच्या धारेची रिकामी चरवी आणून त्याच्या मांडीवर ठेवली.