नाव न सांगितलेली साल

मी झाडाची एक साल बोलतेय. कोणत्या झाडाची, ते विचारू नका. आमच्याकडे औषधाचं नाव घेत नाहीत. घेतलं की गुण जातो म्हणतात.

पेठच्या डोंगरात भागीबाई औषध द्यायची. दिवस उगवायच्या आत, झाडाला हात जोडून तिने मला काढलं. चिघळलेल्या जखमा ती माझ्या काढ्याने धुवायची. १९९७ साली सविता नावाच्या विद्यार्थिनीने तिच्याकडून मूठभर साल नाशिकच्या कॉलेजात आणली. जंतूंवरच्या वनौषधींचा प्रबंध तिला लिहायचा होता.

काचेच्या ताटलीत जंतू वाढवून तिने माझ्या काढ्याचा थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती वाटोळी स्वच्छ जागा! साध्या पाण्याभोवती मात्र जंतूंची जत्रा.

ताटलीत जंतू मेले म्हणजे माणूस बरा झाला असं नव्हे, हे तिला ठाऊक होतं. तिचे मार्गदर्शक रविराज सर यांनाही ठाऊक होतं. पण बातमी घ्यायला आलेल्या वर्तमानपत्रवाल्याला सरांनी तेवढं सांगायचं राहून गेलं. बातमीत तर विषाणूंनाही सर पुढच्या वर्षी बघून घेणार होते.

"पण झाडाचं नाव काय?"

"माहीत नाही, सर."

"मग प्रबंधात काय लिहिणार? एक झाड?"

सविता भागीबाईकडे गेली.

"नाव नाय सांगायची, बाय. झाड दाखवीन. पण पोचेपर्यंत तोंडातून शब्द नाय काढायचा. कोणी बोललं का मी माघारी."

सविताला ते जमलं असतं. पण सर म्हणाले, "मीही येतो."

मी सविताच्या पिशवीत होते. पहिला ओढा सरांनी मुकाट ओलांडला. दुसऱ्यापाशी त्यांना एक वेल दिसली आणि दुर्दैवाने तिचं नाव त्यांना येत होतं. कुळापासून उपयोगापर्यंत सगळं सांगून झालं, तेव्हा भागीबाई पाठ फिरवून निघाली होती.

"आजी, थांबा ना!"

"आता तू पण बोललीस. दिवाळीनंतर ये."

दिवाळीनंतर भागीबाईच नव्हती. सून म्हणाली, "कोणाला शिकवणार होती? आमच्यात गप कोण ऱ्हातं?"

सविताने हळदीवर प्रबंध लिहिला. हळदीचं नाव सगळ्यांना माहीत आहे.

आता २००८ आहे. मी तिच्या कपाटात, बाटलीत असते. चिठ्ठीवर 'नाव अज्ञात'. दर दिवाळीनंतर मला घेऊन ती एकटीच डोंगरात जाते, दोन्ही ओढे ओलांडून, एक शब्द न बोलता, आणि मला झाडाझाडाला लावून बघते. पण मी वाळून काळी पडलेय. ओल्या सालीशी माझं काहीच जुळत नाही.

गेल्या खेपेला दमून ती एका झाडाखाली बसली. तिथेच तिने डबा खाल्ला, पाणी प्यायलं, खोडाला टेकून जरा डोळे मिटले.

मी झाड लगेच ओळखलं. पण मी भागीबाईच्या हातची. गप्प राहिले.