तीन अंड्यांची टिटवी

मी एक जुनी टिटवी आहे. मित्रांनो, मला पंख आहेत, पण ते रंगवलेले. अकोटच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानाची वेबसाइट आहे. तिथले एखादे पान सापडले नाही, की त्या जागी मी दिसते. माझ्याकडे मुद्दाम कुणी येत नाही, म्हणून जो येतो त्याच्याकडे मी आधी संशयानेच पाहते. हा वाट चुकला आहे, की माझ्या अंड्यांवर डोळा ठेवून आला आहे?

अंडी तीन होती. अमरावतीच्या प्राजक्ताने मला काढले. आधी तिने पोपट काढला होता, पण दुकानाचे मालक मनोजभाऊ म्हणाले, "पोपट नोको, वावरातलं पाखरू पायजे." मग काळ्या रानात, खड्यांच्या मधोमध मी बसले. चौथे अंडे माझ्या पायांआड जात होते, म्हणून ते तिने पुसले. खाली लिहिले, 'हे पान सापडत नाही.' तेही इतक्या बारीक अक्षरांत, की मला तेव्हाच खटकले.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. लोक माझे चित्र एकमेकांना पाठवत. मी मात्र अंडी पोटाखाली घेऊनच कौतुक ऐकले.

गेल्या वर्षी मनोजभाऊंना रोज पावसाचा अंदाज लिहिण्याचा कंटाळा आला. त्यांनी ते पान बंद केले, पण 'पाऊस किती?' हे बटण तसेच ठेवले. पेरणीच्या तोंडावर जो तो ते बटण दाबू लागला आणि थेट माझ्यापुढे येऊ लागला. आमच्याकडे जुनी माणसे टिटवीची अंडी मोजतात. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, तीन म्हणजे तीनच. हे प्राजक्ताच्या ध्यानीमनी नव्हते.

एके सकाळी सूर्यभानजी नावाच्या शेतकऱ्याने मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि माझी अंडी मोजली. माझा जीव खालीवर झाला.

"अवं, पाय! तीनच अंडे हायेत. औंदा कपाशी नोको, तीन मयन्यांत निघनारं सोयाबीन पेरू."

त्यांची बायको कौशल्याबाई म्हणाल्या, "मोबाईलातल्या टिटवीले काय मालूम? खाली काय लिवलं ते तं वाचा!"

पण चष्मा कोण शोधणार! दोन दिवसांत तीन अंड्यांची बातमी गावभर झाली. मग कुणाला तरी शंका आली, की मनोजभाऊंकडे सोयाबीनचे बियाणे पडून आहे, म्हणून त्यांनी मुद्दाम तीन अंडी काढायला लावली. लोक दुकानावर चालून आले. दुकानातल्या संगणकावर मी उघडीच होते. इतक्या रागाने माझ्याकडे कधीच कुणी पाहिले नव्हते.

मनोजभाऊंनी घाबरून प्राजक्ताला फोन लावला. "चौथं अंडं टाक बाप्पा, आताच्या आता!"

"चार काढले तं तेबी खोटंच होईन, भाऊ," ती म्हणाली.

तेवढ्यात कौशल्याबाई पुढे आल्या. "इथं पावसाचं पान होतं, ते कुठी गेलं?"

"मीच बंद केलं, मावशी."

"मंग पाऊस किती पडन?"

मनोजभाऊंनी मान खाली घातली. "मले माहीत नाही."

"हेच आंदी लिवलं असतं तं! काहून नाही लिवलं?"

मग कौशल्याबाईंनी कपाशीचे बियाणे मागितले. सूर्यभानजींनी मुकाट्याने पिशवी उचलली.

त्या दुपारी प्राजक्ताने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'पावसाचे आम्हाला माहीत नाही. हे पान बंद आहे.' आणि माझी तिन्ही अंडी पुसली. वर्षानुवर्षे मी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर संशय घेतला, आणि अंडी नेली ती माझ्याच आईने. तिचे चुकले नाही, हे मला कळते. तरी पोटाखालचे खडे फार गार लागतात.

मित्रांनो, एखादी गोष्ट माहीत नसेल, तर 'माहीत नाही' असे वेळेवर आणि ठळक सांगा. उशीर केला, की कुणाची तरी अंडी जातात.